कोरियन भाषा-साहित्यात एम.ए. करायचंय, टोपिक ४ आहे, अजून काय काय लागतं?

रांजणगावची_मनीषा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल पण पूर्ण वाचा प्लीज. मी २९ वर्षांची, शिरूर तालुक्यातली. पुण्यात बी.ए. केलं मराठी साहित्य घेऊन, ३ वर्षांचा जुना पॅटर्न, ७१ टक्के. नंतर रांजणगाव एमआयडीसीत एका कोरियन कंपनीत ऑफिसात लागले आणि तिथल्या लोकांचं बोलणं कानावर पडून पडून गोडी लागली, मग दर शनिवार-रविवार पुण्याला क्लासला जायचे, आधी टोपिकची, म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेची, २ री लेव्हल काढली, मग मागच्या वर्षी ४ थी आली (१६३ मार्क). आता ३ वर्षं झाली लाइनवर दुभाष्याचं काम करते.

काम चांगलं आहे, पगारही बरा आहे, पण दिवसभर रिजेक्शन, टॉर्क, शिफ्ट, मोल्ड हेच शब्द. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा एक कोरियन कथा मूळ भाषेत शेवटपर्यंत वाचली, डिक्शनरी घेऊन, ११ पानांना ४ दिवस लागले, आणि शेवटच्या पानावर मला अक्षरशः रडू आलं. तेव्हापासून डोक्यात एकच आहे की हे नीट शिकायचं, कोरियातच जाऊन, भाषा आणि साहित्य विषयातच एम.ए. करायचं.

पण माहिती काढायला गेलं की जो तो टोपिकचंच सांगतो. टोपिक ५ काढ म्हणतात, ६ काढ म्हणतात. अ‍ॅडमिशन मिळाल्यावर पुढे डिग्री मिळायला काय काय पूर्ण करावं लागतं हे कोणी सांगतच नाही. किती क्रेडिट, परीक्षा कसल्या, थिसिस कोरियनमधेच लिहायचा का, बी.ए. मराठीचं आहे तर चालेल का, जीकेएस म्हणजे कोरियन सरकारच्या स्कॉलरशिपला मी बसते का. घरी बाबा विचारतात, चालती नोकरी सोडून परत कॉलेज? त्यांना समजवायला तरी माझ्याकडे पूर्ण माहिती पाहिजे. कोणी स्वतः केलं असेल तर सांगा ना.

सांगली_ते_सोल

मनीषा, तुझी पोस्ट वाचून मला माझी ८ वर्षांपूर्वीची मी आठवले. मी सांगलीची, माझंही बी.ए. मराठीच. सोलमधे एक वर्ष भाषा शिकले, मग एम.ए., आणि आता पीएचडीचे क्लास संपवून थिसिस लिहितेय. सगळं सांगते, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे टोपिक हे दार आहे, घर नाही. बऱ्याच विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला एम.ए.ला ३ किंवा ४ लेव्हल पुरते पण कोरियन साहित्याच्या विभागात खूप ठिकाणी ५-६ मागतात, आणि नाही मागितली तरी ४ वर वर्गात बसणं फार जड जातं, हे मी मनापासून सांगतेय. तुझे १६३ आहेत ना, ४ ची रेषा १५० ला, ५ ची १९० ला आणि ६ ची २३० ला, एकूण ३०० पैकी. म्हणजे २७ मार्कांचा प्रश्न आहे आणि ते तुला लिहिण्यात मिळतील, कारण १०० पैकी ५० मार्क एकट्या ५४ नंबरच्या निबंधाला आहेत, ६०० ते ७०० अक्षरांचा. दुभाष्याचं ऐकणं-बोलणं चांगलं असतं पण लिहायची सवय नसते, तिथे लक्ष दे. आणि टोपिकचा निकाल २ वर्षंच चालतो, तेव्हा तारीख बघून ठेव.

आता डिग्रीचं. एम.ए. म्हणजे सॉक्सा, नेमाने ४ सेमिस्टर. बहुतेक ठिकाणी २४ क्रेडिट, काही ठिकाणी जास्त. एक विषय ३ क्रेडिटचा, म्हणजे ८ विषय. ऐकायला कमी वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण प्रत्येक विषय म्हणजे आठवड्याला ३ तासांचा सेमिनार, त्यात प्राध्यापक लेक्चर देत नाहीत, विद्यार्थीच बालप्यो करतात म्हणजे प्रेझेंटेशन, आणि त्याच्या आधी छापील टिपण सगळ्यांना वाटायचं असतं. एका सेमिस्टरला ३ विषय घेतले की दर आठवड्याला कुठलं ना कुठलं टिपण तुझ्या डोक्यावर असतंच. शेवटी प्रत्येक विषयाचा एक पेपर.

दुसरी गोष्ट, जी तुला कोणीच सांगितली नसणार, ती म्हणजे सॉनसू ग्वामोक. बी.ए. वेगळ्या विषयात असेल तर विभाग सांगतो की आधी आमच्या बी.ए.चे अमुक विषय करून या. हे क्रेडिट त्या २४ मधे धरत नाहीत! मला ४ विषय लावले, १२ क्रेडिट, पहिल्या वर्षी १९-२० वर्षांच्या मुलांबरोबर बसून केले. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आज म्हणते की ते केले म्हणून तरले. तुझ्या बी.ए.ला "साहित्य" आहे म्हणून कुठे कमी लावतीलही, ते प्रत्येक विभागाचं वेगळं असतं, अर्ज करायच्या आधी ऑफिसला मेल टाकून लेखी विचार.

तिसरं परीक्षा. क्लास संपत आले की जोंगहाप शीहॉम, म्हणजे आपल्या शाखेतल्या मुख्य विषयांची लेखी परीक्षा, ती पास झाल्याशिवाय थिसिस जमा करता येत नाही. शिवाय परकीय भाषेची परीक्षा असते, कोरियन मुलांना ती इंग्रजीची, आपल्याला कुठे इंग्रजी कुठे कोरियन, आणि जुन्या साहित्यात गेलीस तर हानमुन म्हणजे जुनी चिनी. मग थिसिसची आधी जाहीर मांडणी, नंतर ३ परीक्षकांपुढे तपासणी (पीएचडीला ५ परीक्षक असतात). थिसिस कोरियनमधेच. इंग्रजीत लिहू का वगैरे या विभागात विचारूच नकोस, विषयच त्यांची भाषा आहे. माझा एम.ए.चा ९४ पानांचा झाला, आणि त्यातलं पहिलं प्रकरण मी ६ वेळा पूर्ण नव्याने लिहिलं.

आणि हा शब्द पाठच कर: सुर्यो. क्लास आणि क्रेडिट पूर्ण पण थिसिस नाही, अशा माणसाला तिथे "सुर्यो" झालेला म्हणतात. तो पदवीधर नाही. गावाकडे येऊन "एम.ए. पूर्ण" सांगतात त्यातले काही सुर्यो असतात, कागद नीट बघितला की कळतं. परदेशी मुलं इथेच अडकतात, पैसे संपतात, व्हिसा वाढवताना त्रास होतो, लेखन लांबतं. म्हणून तू बाबांना हिशोब सांगताना २ वर्षं सांगू नकोस. अडीच ते तीन सांग, खरं तेच सांग.

जिदो ग्योसू म्हणजे गाइड, त्यांच्यावर पुढचं सगळं अवलंबून. तेव्हा विद्यापीठाचं नाव बघून जाऊ नकोस, माणूस बघ, त्यांचे पेपर वाच. रिस नावाची साइट आहे, कोरियातले बहुतेक थिसिस तिथे फुकट वाचता येतात. ज्या विभागात जायचंय तिथले शेवटच्या ३-४ वर्षांचे एम.ए. थिसिस उघडून नुसती अनुक्रमणिका जरी वाचलीस तरी तुला कळेल की तिथे काय मागतात.

रांजणगावची_मनीषा

ताई काय लिहू, डोळ्यात पाणी आलं, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. सॉनसू ग्वामोक हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. एक विचारते, तुम्ही "आपल्या शाखेतल्या" असं म्हणालात, म्हणजे शाखा आधीच ठरवावी लागते का? मला वाटलं भाषा आणि साहित्य असं सगळं एकत्र शिकवतात, आपल्या मराठीच्या एम.ए.सारखं. आणि जीकेएसचं राहिलं.

सांगली_ते_सोल

हो, अर्जातच ठरवावी लागते आणि माझ्या मते खरा निर्णय हाच आहे. विभागाचं नाव एकच, कुगॉ-कुङमुन म्हणजे कोरियन भाषा-साहित्य, पण आत तीन वेगळी घरं आहेत. कुगॉहाक म्हणजे भाषाशास्त्र, मी यातली. कोजॉन मुनहाक म्हणजे जुनं साहित्य. ह्यॉनदे मुनहाक म्हणजे आधुनिक. तू एका घरात गेलीस की थिसिस, परीक्षा, गाइड, मित्र सगळे त्या घरातले.

कुगॉहाकमधे गेलीस तर पंधराव्या शतकातली कोरियन शिकावीच लागते. हांगुल लिपी १४४३ ला तयार झाली, १४४६ ला जाहीर झाली, आणि त्या वेळच्या पुस्तकांत आज नसलेली अक्षरं आहेत, शिवाय प्रत्येक अक्षराच्या डावीकडे टिंबं असतात, एक टिंब म्हणजे उंच सूर, दोन म्हणजे खालून वर चढणारा, टिंब नसेल तर खालचा. उभ्या ओळी, शब्दांत जागा सोडलेली नाही. पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी झेरॉक्स हातात दिली आणि मला एक शब्द तोडता येईना. पण मनीषा, आपण बी.ए.ला ज्ञानेश्वरी वाचलेली असते ना, १२९० ची मराठी, टिपा बघत बघत, हा प्रत्यय आज कुठे गेला असं शोधत, तीच सवय इथे कामी आली. माझ्याबरोबरच्या कोरियन मुलांना आपली भाषा परकी वाटायचा धक्का नवा होता, मला नव्हता.

जुन्या साहित्याला हानमुन पाहिजेच, आपल्याकडे जुनं शिकायला संस्कृत लागतं तसं समज. लिपी यायच्या आधी कोरियन गाणी चिनी अक्षरांत लिहायचे, काही अक्षरं अर्थासाठी, काही नुसती उच्चारासाठी. अशी ह्यांगगा गाणी आज फक्त २५ उरलीयत, १४ एका ग्रंथात आणि ११ दुसऱ्या, आणि १९२९ मधे एका जपानी अभ्यासकाने सगळ्या २५ चं वाचन मांडलं तेव्हापासून आजपर्यंत एकेका ओळीवर वाद चालू आहे. ज्याला हे आवडतं त्याला दुसरं काही नको असतं. पण हानमुन शून्यापासून असेल तर आणखी एक-दीड वर्ष धर.

आधुनिकमधे तुझी ती रडवणारी कथा येईल. पण तिथेही नुसती आवडती कथा घेऊन चालत नाही. १९१० ते १९४५ जपानी राजवटीचा काळ फार महत्त्वाचा, त्या वेळच्या मासिकांच्या मूळ प्रती वाचायच्या, जुनं शुद्धलेखन, मधेमधे चिनी अक्षरं, आणि खोल जायचं तर जपानीही लागते. फाळणीनंतर जे लेखक उत्तरेत गेले त्यांची पुस्तकं दक्षिणेत १९८८ पर्यंत बंद होती. म्हणजे त्यांच्यावरचा मोकळा अभ्यास तसा अलीकडचाच, आणि तिथे अजून करण्यासारखं खूप आहे.

जीकेएसचं थोडक्यात. वय ४० च्या आत, त्यात तू बसतेस. एक वर्ष भाषा आणि २ वर्षं एम.ए., टोपिक ५ किंवा ६ असेल तर भाषेचं वर्ष माफ. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला निघतात, दूतावासामार्फत किंवा थेट विद्यापीठामार्फत, दोन्ही एकदम करता येत नाहीत. अडचण मार्कांची आहे, ८० टक्क्यांची अट असते. तुझे ७१. आपल्याकडे मराठी साहित्याला ७१ म्हणजे किती वर हे आपल्याला माहितीये पण तिथल्या फॉर्मला नाही. म्हणून सगळी आशा जीकेएसवर ठेवू नकोस, विद्यापीठात थेट अर्ज कर. टोपिक ५-६ असेल तर फीमधे चांगली सूट देणारी बरीच विद्यापीठं आहेत, आणि विभागात असिस्टंटचं काम मिळालं तर आणखी हलकं होतं.

यमुनेकाठचा_वऱ्हाडी

मधे बोलतो, दिल्लीचा पर्याय पण विचारात घ्या. मी अमरावतीचा, जेएनयूत कोरियनमधे एम.ए. केलं. तिथे १९७६ पासून कोरियन शिकवतात, आता कोरियन अभ्यासाचं स्वतंत्र सेंटर आहे, बी.ए. ते पीएचडी सगळं होतं. एम.ए. ४ सेमिस्टरचं, प्रवेश सीयूईटी पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून. फी इतकी कमी आहे की बाबांना समजवायला वेळच लागणार नाही. कोरियन साहित्य, भाषाशास्त्र, भाषांतर सगळं थोडं थोडं होतं, एकाच शाखेत बांधून घ्यावं लागत नाही, आणि ज्याला अजून ठरलेलं नाही त्याच्यासाठी ही चांगली गोष्ट आहे असं मला वाटतं.

माझ्या वर्गातले काही जण इथून एम.ए. करून मग कोरियात पीएचडीला गेले. त्यांना सॉनसू ग्वामोक लागले नाहीत किंवा कमी लागले, कारण विषय तोच. म्हणजे ताईंनी ज्या १२ क्रेडिटबद्दल सांगितलं ते वाचू शकतात. कमी काय आहे तेही सांगतो. चोवीस तास कोरियन कानावर पडत नाही, हॉस्टेलवर बाहेर आलं की हिंदी. तुमचं बोलणं नोकरीमुळे आधीच पक्कं आहे तेव्हा तुम्हाला ही उणीव कमी जाणवेल. आणि जुनी पुस्तकं, मासिकांच्या मूळ प्रती वगैरे कोरियातल्या लायब्ररीतच मिळणार, त्याला दिल्लीत पर्याय नाही.

अजून एक, कोरियातच जायचं असेल तर सोल सोडून पण बघा. सॉङनाममधे कोरियन अभ्यासाची सरकारी अकादमी आहे, १९७८ ची, तिचं स्वतःचं पदव्युत्तर विद्यालय १९८० पासून आहे. तिथे फक्त कोरियाचाच अभ्यास होतो, राजघराण्याच्या कागदपत्रांचं जांगसॉगाक नावाचं संग्रहालय आवारातच आहे, आणि परदेशी विद्यार्थी भरपूर. जुन्या साहित्याकडे ओढा असेल तर मी तरी पहिला अर्ज तिथे करीन.

नाशिकच्या_बाई

मनीषा बाळा, मी वयाने मोठी आहे म्हणून एकेरी बोलते, चालेल ना. मी भाषा-साहित्य नाही, हांगुगॉ ग्योयुक केलं, म्हणजे परक्या माणसाला कोरियन शिकवायचं शास्त्र. काही विद्यापीठांत हे कुगॉ-कुङमुनच्या आतच चौथी शाखा म्हणून असतं, काही ठिकाणी वेगळा विभाग. तुला साहित्याची ओढ आहे हे दिसतंय, तरी हे माहीत असू दे कारण परत आल्यावर पोटाचं काय हा प्रश्न बाबा विचारणारच, आणि त्यांनी विचारणं बरोबर आहे.

कोरियन सरकारचं एक शिक्षक-प्रमाणपत्र असतं, तिथली राष्ट्रीय भाषा संस्था कागद तपासून देते, ३ श्रेणी आहेत. या विषयात एम.ए. करताना ठरलेल्या ५ भागांतले मिळून १८ क्रेडिट केले (कोरियन भाषाशास्त्र, सामान्य भाषाशास्त्र, शिकवण्याची पद्धत, कोरियन संस्कृती आणि प्रत्यक्ष पाठ) की २ री श्रेणी वेगळी परीक्षा न देता मिळते. पण आपल्यासारख्या परदेशी माणसाला त्यासाठी टोपिक ६ लागतेच लागते, ५ वर देत नाहीत. माझ्याबरोबरची एक व्हिएतनामची मुलगी सगळे क्रेडिट करून बसली आणि ६ साठी आणखी दीड वर्ष झगडली. तेव्हा हे आधी माहीत असलेलं बरं.

आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, शाळेत शिकवायच्या परकीय भाषांत कोरियनचं नाव आहे. शाळांत प्रत्यक्ष किती सुरू होईल ते होईल, पण मी नाशिकमधे ३ बॅच घेते आणि चौथीला जागा नाही. शिकवणारे फार कमी आहेत गं.

आणि एक सावधगिरी. तिथे ग्योयुक देहाग्वॉन नावाचं वेगळं प्रकरण असतं, ५ सेमिस्टरचं, बहुतेक संध्याकाळचे वर्ग, नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी. सोपं वाटतं म्हणून तिकडे अर्ज करू नकोस, विद्यार्थी व्हिसा दिवसाच्या शिक्षणासाठी असतो, संध्याकाळच्या कोर्सवर अडचण येते. "इल्बान देहाग्वॉन" म्हणजे नेहमीचं पदव्युत्तर विद्यालय, तसं लिहिलेलं असेल तेच बघ.

लाइनवरचा_दादा

मी पण दुभाष्या, १४ वर्षं, आधी चेन्नईकडे मग पुणे पट्ट्यात. मनीषाताई, तुमचं मन मोडायचं नाहीये पण एक बाजू मांडतो. एम.ए. करून परत आलात आणि परत एमआयडीसीतच दुभाष्याचं काम केलंत तर त्या डिग्रीने पगारात फार फरक पडेल असं मला माझ्या अनुभवावरून वाटत नाही. कंपनी बघते ती तुम्ही मीटिंग सांभाळता का, ड्रॉइंग समजतं का. पगारासाठी जायचं असेल तर भाषा-साहित्य नको, दुभाषी आणि भाषांतराची वेगळी पदव्युत्तर विद्यालयं आहेत तिथे, हांगुक परकीय भाषा विद्यापीठातलं १९७९ पासूनचं आहे, पण तिथे इंग्रजी, चिनी, जपानी अशा जोड्या असतात, मराठी किंवा हिंदी घेऊन जाता येत नाही. तुमची इंग्रजी भक्कम असेल तरच.

पण तुम्ही कथा वाचून रडलात असं लिहिलंय. मी १४ वर्षांत एकही कोरियन पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही, काम झालं की थकून झोपायचं. म्हणून मला वाटतं तुमचं कारण पगाराचं नाहीच, तेव्हा जा. फक्त एक करा, नोकरी सोडायच्या आधी टोपिक ५ घ्या आणि दीड वर्षाचा खर्च बाजूला टाका. बँकेतली शिल्लक व्हिसाला दाखवावी लागते ती वेगळी. आणि पहिलं सेमिस्टर पार्टटाइम कामात घालवू नका, ओळखीतली २ मुलं तशीच मागे पडलेली बघितलीयत.

रांजणगावची_मनीषा

दादा, बरोबर ओळखलंत, पगाराचं कारण नाहीच. बाई, तुमचा मेसेज मी आईला वाचून दाखवला, तिला फार आधार वाटला. टोपिक ६ चं तर आजपासूनच डोक्यात ठेवते.

मी दोन दिवस विचार केला. मला आधुनिक साहित्य आवडतं पण जपानी पण शिकायचं म्हटलं की छाती दडपते, आणि सांगलीच्या ताईंनी भाषाशास्त्राचं जे लिहिलंय ते वाचून उलट तिकडेच मन जातंय. लाइनवर काम करताना मला रोज एक गोष्ट दिसते, कोरियन साहेबांचं वाक्य मराठीत केलं की जसंच्या तसं बसतं आणि हिंदी-इंग्रजीत केलं की मोडतोड करावी लागते. हे माझंच मनाचं आहे की खरंच काही आहे? आणि असलं तर अभ्यासाच्या आराखड्यात, तो यॉनगू ग्येह्वेक्सॉ म्हणतात ना, त्यात लिहिता येईल का?

सांगली_ते_सोल

मनाचं नाही गं, खरंच आहे! आणि हाच तुझा विषय आहे, अजून कळलं नसेल तर.

बघ, "खाऊन बघ" म्हणजे चव घे. कोरियनमधे "मॉगॉ ब्वा", शब्दशः खाऊन बघच. करून टाकणे, "हे बॉरिदा", आणि बॉरिदा म्हणजे फेकणे-टाकणेच, भावनाही तीच की संपवलं एकदाचं. करून देणे "हे जुदा", जुदा म्हणजे देणे. करून ठेवणे "हे नोता", नोता म्हणजे ठेवणे. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, मधे अख्खा चीन आहे, तरी क्रियापदामागे क्रियापद लावून तेच तेच अर्थ काढलेत. तसंच "मी काल वाचलेलं पुस्तक". कोरियनमधे अगदी हाच क्रम, "जे" लागत नाही, क्रियापदालाच प्रत्यय लावून नामाच्या आधी ठेवायचं. हिंदीत असं करता येतं पण बोलताना "जो किताब मैंने" कडे लोक जास्त जातात, म्हणून तुला मराठीत करताना सोपं वाटतं.

पण सगळं सारखं नाही आणि थिसिस तिथेच असतो जिथे सारखं नाही. आपण "जाऊन बघ" म्हणतो ते जा आणि तिथे डोळ्यांनी बघ असंही असतं आणि नुसतं एकदा जायचा प्रयत्न कर असंही. कोरियनमधे तर "गा ब्वात्ता" म्हणजे मी तिथे गेलोय, अनुभव आहे, असा अर्थ होतो, आणि तो अर्थ मराठीच्या "जाऊन बघितलं"ला तसा येत नाही. आपण तिथे "जाऊन आलोय" म्हणतो, बघणे सोडून येणे वापरतो. का? हा एक प्रश्न घेऊन तू एम.ए. करू शकतेस. तुझ्याकडे ३ वर्षांचा लाइनवरचा अनुभव आहे, कोरियन माणूस कुठे बॉरिदा लावतो आणि तू मराठीत तिथे टाकणे वापरतेस की नाही, आजपासून वहीत टिपून ठेव, तारीख आणि प्रसंग घालून. कंपनीची गुपितं नकोत, नुसती क्रियापदं. (पुढे लोकांना प्रश्न विचारून माहिती गोळा करशील तेव्हा विद्यापीठाच्या आचारसंहिता समितीची परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर घेतलेली चालत नाही, माझ्या एका मैत्रिणीचे ३ महिने त्यात गेले.)

आराखड्यात "मला कोरियन संस्कृती लहानपणापासून आवडते" असं काही लिहू नकोस, प्राध्यापक असे ढिगाने वाचतात. पहिल्याच ओळीत ते "जाऊन आलोय" लिही. उदाहरणं ३, त्यातून निघणारा प्रश्न १, आधी यावर कोणी काय लिहिलंय ते रिसवर शोधून २-३ नावं, आणि तू काय करणार. २ पानं पुरे. आधी मला पाठव, मी वाचून देते, खरंच पाठव, संकोच करू नकोस.

रांजणगावची_मनीषा

ताई, पाठवते, नक्की पाठवते. वही आजच घेतली, पहिल्याच शिफ्टला ९ वाक्यं मिळाली! त्यातलं एक "बोल्ट काढून टाका"चं आहे, तिथे ते साहेब बॉरिदा म्हणालेच नाहीत, वेगळंच काहीतरी म्हणाले, ते सविस्तर लिहून पाठवते.

शेवटचा प्रश्न कागदपत्रांचा. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचं सरकारी प्रमाणीकरण, कशावर करायचं, ओरिजिनल डिग्रीवर का? ती एकच प्रत आहे हो माझ्याकडे.

यमुनेकाठचा_वऱ्हाडी

आधी विचारलंत ते बरं झालं. अर्जाबरोबर दिलेले कागद बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत, जीकेएसचे तर नाहीतच, म्हणून मूळ डिग्री पाठवायची नाही. ट्रू कॉपी करायची, त्यावर आधी आपल्या राज्य सरकारचं अटेस्टेशन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल स्टिकर. भारत आणि कोरिया दोघेही अपोस्टिल करारात आहेत म्हणून दूतावासाचा वेगळा शिक्का सहसा लागत नाही, पण विद्यापीठाच्या सूचनेत काय लिहिलंय तेच धरायचं. डिग्री सर्टिफिकेट आणि सगळ्या वर्षांच्या मार्कांचं ट्रान्सक्रिप्ट दोन्ही लागतं. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून सीलबंद पाकिटात ३-४ प्रती एकदमच काढा, एकेका विद्यापीठाला एकेक द्यावी लागते आणि परत परत पुण्यात खेपा होतात. बी.ए. मराठीची मार्कशीट मराठीत असेल तर इंग्रजी प्रत मागा. नाव तिन्ही ठिकाणी, म्हणजे पासपोर्ट, डिग्री आणि टोपिकवर, अक्षर न् अक्षर सारखं आहे ना ते आज रात्रीच तपासा, माझ्या डिग्रीवर वडिलांचं नाव मधे होतं आणि पासपोर्टवर नव्हतं, त्याचं प्रतिज्ञापत्र करण्यात एक अख्खा अर्जाचा हंगाम गेला.

मार्चच्या सेमिस्टरचे अर्ज आदल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास असतात, सप्टेंबरचे साधारण मार्च ते मे. तुमच्या टोपिकची तारीख याच्याशी जुळवून बघा.

रांजणगावची_मनीषा

तपासलं. पासपोर्टवर मनीषाच्या शेवटी एकच ए आहे, डिग्रीवर दोन. मंगळवारी सुट्टी टाकून विद्यापीठात जाते.